मदत हवी आहे: टाकीत हायड्रिला (पाणवनस्पती) लावल्यापासून मासोळ्या पहाटे वर येऊन तोंड मारतात

धानपट्टा:
साकोलीकडचं गाव. टाकी २ × १ × १.५ फूट, मोली-गप्पी मिळून १६. बोअरचं पाणी, पीएच ८.२. पंधरा दिवसांआधी मामा (माजी मालगुजारी) तलावातली हायड्रिला आणून अर्धी टाकी भरली. पहाटे पाचला सगळ्या मासोळ्या वर, तोंडं पाण्याबाहेर. दहापर्यंत आपोआप ठीक. रात्री लाइन जाते, तेव्हा पंप बंद. मुळाशी १०:२६:२६ खताचे पाच-सहा दाणे दाबलेत. झाडं तर ऑक्सिजन देतात ना? की सगळी काढून टाकू?

कोरडवाहू:
उजेड असेतोवर देतात, भाऊ. अंधार पडला की तीही मासोळ्यांसारखाच ऑक्सिजन ओढतात, म्हणून तो सर्वात कमी पहाटेच असतो. त्यात ऊन: २५ अंशाला पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३५ ला जेमतेम सात. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, हे अजून बिघडेल.

पॉवर बँकेवर चालणारा यूएसबी एअर पंप घ्या. दिवा विझला की सुरू, उजाडेपर्यंत चालू. पंप टाकीच्या पाण्यापेक्षा खाली ठेवत असाल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, बाण टाकीकडे. नाहीतर पंप थांबल्यावर पाणी उलटं फिरून पंपात येतं. दिवा आठ तासांवर नको.

आणि बोअरचं ताजं पाणी संध्याकाळी थेट ओतू नका. जमिनीतून आलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमीच असतो. बादलीत रात्रभर हवा सोडून मग घाला.

काचघर:
पहाटेचं निदान बरोबर, पण ते दाणे आधी काढा! १०:२६:२६ मध्ये अमोनियम असतं. पीएच ७ चा ८ झाला की त्यातला विषारी अमोनिया सुमारे दहापट होतो, आणि तुमचा मुळातच ८.२. शिवाय दाट हायड्रिला दिवसभर कार्बन डायऑक्साइड खाते, त्यामुळे दुपारी पीएच आणखी चढतो. सकाळी सहा आणि दुपारी तीन, दोन्ही वेळी पीएच नि अमोनिया तपासा. पहाटे वर येऊन दुपारी बऱ्या, तर ऑक्सिजन. दुपारीही धापा, कल्ले लालभडक, तर अमोनिया समजा.

दाणे विरघळले असतील तर सायफनची नळी तिथल्याच वाळूत खुपसून २० लिटर पाणी ओढा, तीन दिवस रोज. युरियाचाही विचार करू नका. तोही पाण्यात अमोनियाच होतो.

धानपट्टा:
दाणे निम्मे विरघळलेत, आजच ओढतो. दुपारी मासोळ्या ठीक आहेत. तलावाची झाडं धुऊनच टाकली होती, तेवढं चालते ना?

कोरडवाहू:
नुसत्या धुण्यानं जळू, गोगलगायीची अंडी, चतुराची अळी जात नाही. ती अळी गप्पीची पिल्लं खाते. पुढच्या वेळी लाल दवा, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, वापरा: सोनाराच्या काट्यावर १ ग्रॅम तोलून १ लिटर पाण्यात विरघळवा, त्यातलं १०० मिली १० लिटरच्या बादलीत. झाडं १० मिनिटं बुडवून दोनदा स्वच्छ धुवा. गोगलगायीची अंडी यातूनही वाचतात, पानामागचा चिकट थेंब नखानं खरवडा. उन्हाळी धानाच्या बांधीचं पाणी उतरतं त्या बाजूची झाडं आणूच नका, फवारणीचं औषध धुऊन निघत नाही.

काचघर:
सगळी झाडं एकदम उपटू नका. तीच तर अमोनिया शोषतात, आणि उपटताना वाळूतला गाळ वर येतो. आठवड्याला एक तृतीयांश, कात्रीनं वरून कापा. बोटांत धरलं की लगदा होतं ते तपकिरी पान मात्र त्याच दिवशी बाहेर. कापलेले तुकडे तलावात परत टाकू नका, खताच्या खड्ड्यात टाका. हायड्रिलाच्या एका कांडीपासून नवं झाड होतं.