जेजुरीचा भंडारा काळ्यापांढऱ्यात? कशासाठी?

कऱ्हाकाठ (धागाकर्ता)
सोमवती अमावस्या झाली की फोटोंचा पाऊस सुरू होतो. खंडोबाची पालखी गडावरून कऱ्हेला स्नानाला निघते, वरून भंडारा उधळतात, दीपमाळा, पायऱ्या, माणसांच्या भुवयासुद्धा पिवळ्या. आणि त्यातले 'कलात्मक' म्हणवणारे फोटो हमखास काळेपांढरे! यंदा एका फोटोतली माणसं तर पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसत होती.

ते तसंच होणार. पिवळा मुळातच उजळ रंग. पडद्यावरचा शुद्ध पिवळा घेतला तर त्याची उजळता पांढऱ्याच्या सुमारे ९३ टक्के भरते, शुद्ध लालाची जेमतेम २१. रंग काढला की भंडाऱ्याची राख होते आणि कपाळावरचं कुंकू काळं पडतं. तोंडाने 'सोन्याची जेजुरी' म्हणायचं आणि दाखवायचं हे!

जिथे रंग हाच विषय आहे तिथे तो काढून टाकणं हा माझ्या मते आळस आहे. रंग सांभाळता येत नाही म्हणून काढतात आणि वर त्याला 'कालातीत' म्हणतात. बोला आता.

अंधारखोली
आळस? जरा दमानं घ्या. सोमवतीच्या गर्दीत निळी ताडपत्री असते, कुणाचा तरी पोपटी टीशर्ट असतो, फ्लेक्सवर पुढाऱ्यांचे गुलाबी चेहरे असतात. नजर ठरायची कुठे? मला पालखीच्या खांदेकऱ्याच्या मानेवरची ताणलेली शीर दाखवायची आहे. रंग गेला की ती दिसते.

राख करायचीही गरज नसते. संगणकावर रूपांतर करताना पिवळ्याच्या उजळपणाची पट्टी खाली ओढली की भंडारा छान करडा उतरतो. फिल्मवर हेच निळं फिल्टर लावून व्हायचं. एका कळीचं काम नाही ते.

छायाचित्रकार सुनील जाना यांचे १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे फोटो बघा. वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावालांचं काम बघा, त्या तर आपल्या मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या. कुणाला रंगाची उणीव भासते का?

कऱ्हाकाठ
त्यांच्यापुढे पर्याय कुठे होता? वर्तमानपत्रं छापायचीच काळीपांढरी. पर्याय असलेल्या माणसाने काय केलं ते बघा. छायाचित्रकार रघुवीर सिंह (१९४२–१९९९), मूळचे जयपूरचे. त्या काळात रंग हे जाहिरातवाल्यांचं काम समजलं जाई. १९७६ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात अमेरिकन छायाचित्रकार विल्यम एगल्स्टन यांचे रंगीत फोटो लागले तर टीकाकार तुटून पडले होते. सिंह त्याच्या आधीपासून रंगात काम करत होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की काळ्यापांढऱ्यातली ती उदास, अलिप्त नजर पश्चिमेची. इथल्या माणसाला जगण्यातून रंग वेगळा काढून बघताच येत नाही.

तिरकस_तात्या
आणि हे म्हणणारे स्वतः राहायला पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कात! 'भारत म्हणजे रंग' हा माल तिकडे पटकन खपतो हो. पर्यटनाचं कुठलंही पोस्टर घ्या, फेटा, होळी आणि भंडारा.

इकडेही काय वेगळं? नवरात्रातले नऊ रंग कुठल्या पुराणात आहेत? पेपरवाल्यांनी लावलेलं खूळ. ऑफिसचा अख्खा मजला एका रंगात येऊन फोटो काढतो. रंगाचं कसलं आकर्षण, साडीवाल्यांची चंगळ.

अबोली_७१
तात्या, साडीवाल्यांचं राहू द्या. आमच्या ऑफिसात त्या फोटोत सफाईच्या मावशी मधोमध उभ्या असतात. एरवीच्या कुठल्याही फोटोत नसतात.

मला दुसरंच सांगायचंय. माझ्या आजेसासूबाईंचा घरात एकच फोटो आहे, आलवणातला. नव्या पिढीसाठी सांगते: नवरा गेल्यावर ब्राह्मण घरांत बाईचे केस काढत आणि तिला उरलेला जन्म एकच रंग, तांबडं आलवण. फोटोत ते नुसतं गडद दिसतं. भाच्याने हौसेने तो फोटो ॲपमध्ये घालून रंगीत केला, तर आलवण झालं निळं आणि ओठ गुलाबी! ॲपची तरी काय चूक, गडद करडा म्हणजे लाल की निळा हे त्याला कुठून कळणार? सगळ्यांनी बघून म्हटलं, "किती गोड दिसतायत." त्यांच्यावर जे लादलं होतं ते त्या फोटोत कुठेच नाही. तेव्हा रंग म्हणजे उत्सवच असं धरून दोघांनीही भांडू नका.

अंधारखोली
अबोलीताई, आलवणाचं पटलं. जेजुरीचं अजून नाही.

'रंगीत ते खरं' या समजुतीला मात्र माझा विरोध आहे. कॅमेऱ्याचा सेन्सर फक्त उजेड मोजतो. एकेका बिंदूवर एकेक रंगाची चाळणी बसवलेली असते, निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. प्रत्येक बिंदूचे उरलेले दोन रंग शेजारच्यांवरून हिशोबाने भरतात. म्हणजे अंदाज तिथेही आहेच. आणि मोबाइलला चौकटभर पिवळं दिसलं की तो ते दिव्याच्या उजेडामुळे समजून कापायला जातो. मग तुमचा 'खरा' भंडारा फिकट लिंबासारखा दिसतो.

कऱ्हाकाठ
म्हणूनच तर म्हणतो, कष्ट घ्या! व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाचा हिशोब) ऑटोवर ठेवू नका, उन्हाचा लावून टाका. एक्स्पोजर थोडं कमी ठेवा, नाहीतर लाल चॅनल आधी फुटतो (मर्यादेपलीकडे जातो) आणि पिवळ्यातला पोत जाऊन सपाट डाग उरतो. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा. मग दिसेल की तो एक पिवळा नसतोच. हवेतला वेगळा. पाठीवर घामाने भिजून नारिंगीकडे झुकलेला वेगळा. पायऱ्यांच्या कोपऱ्यांत तुडवून मातकट झालेला वेगळा, आणि दगडाच्या खाचेत जुना जिरलेला आणखीनच वेगळा. करड्यात हे चारही एकच होऊन जातात.

पावशेर
मला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. जन्मापासूनचं आहे. सिग्नलला कितवा दिवा लागलाय ते बघून गाडी चालवतो. जोतिबाच्या डोंगरावर गुलाल उधळला तेव्हा घरचे हरखून गेले होते आणि मी करड्या धुळीत उभा राहून शिंकत होतो. पिवळा आणि निळा मात्र मला स्वच्छ दिसतात. लोक रंगाबद्दल एवढं काय बोलतात ते मला जेजुरीत कळलं. गडावरून खाली उतरायलाच तयार नव्हतो, बायकोने ओढत आणलं.

अंधारखोली, बाकी काय हवं ते काळंपांढरं करा. भंडारा तेवढा सोडा.

तिरकस_तात्या
पावशेर, यावर मला काही तिरकस सुचत नाहीये. नोंद घ्यावी.

अंधारखोली
पावशेर, तुम्हाला रंगीत प्रती पाठवतो, त्या फाइली आहेत माझ्याकडे. खांदेकऱ्याचा फोटो मात्र काळापांढराच राहणार, त्यात मी हटणार नाही. कऱ्हाकाठ, पुढच्या सोमवतीला या, एकाच पायरीवर उभे राहून दोघं काढू आणि दोन्ही इथेच टाकू. येताना लेन्सला प्लास्टिकची पिशवी बांधून आणा. माझ्या झूमच्या कड्यात गेलेली हळद अजून निघाली नाहीये.