ॲव्हरेज १७ वरून थेट १३, महिनाभरात असं काय झालं असेल?

मधला_गिअर
मंडळी जरा डोकं चालवा, माझं बंद पडलंय. पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटर, मॅन्युअल, सहा वर्षांची, ७१ हजार किमी. रोजचा रस्ता तोच, जाऊन येऊन ३८ किमी, चालवणारा मीच, एसी पण पूर्वीइतकाच. कायम १७ देणारी गाडी सर्व्हिसिंग झाल्यापासून १३ वर आलीये. चेक इंजिनची लाईट नाही, पिकअप ठीक, किंचित जड वाटते पण तो माझ्या मनाचा खेळ असेल. एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले, काडीचा फरक नाही. टायर नवीन, हवा ३३. गॅरेजवाला म्हणतो गाडी जुनी झाली की एवढं चालायचंच, आणि आता इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारतात ते) क्लीनिंग करून घ्या म्हणून मागे लागलाय. करू का?

तेलकट_रुमाल
इंजेक्टरला हात लावू देऊ नकोस अजून. आधी सांग हे १३ आणलंस कुठून? स्क्रीनवरचं असेल तर ते सोडून दे, इंजेक्टर किती वेळ उघडे होते त्यावरून गाडी अंदाज बांधते आणि बहुतेक वेळा स्वतःची पाठ थोपटून घेते. टाकी फुल कर, पहिल्या ऑटो कटला, म्हणजे नोझल आपोआप बंद पडलं की थांब, वरून थेंब थेंब भरू नकोस, ट्रिप मीटर शून्य. ४०० किमी फिर, मग त्याच पंपावर त्याच नोझलने परत पहिल्या कटपर्यंत. किमी भागिले लिटर. आणि गाडी म्हातारी होते ती हळूहळू, एका सर्व्हिसिंगमध्ये नाही होत.

पावशेर_पेट्रोल
इथेनॉल!!! एवढं काय डोकं खाजवताय, सगळ्यांचंच ॲव्हरेज बोंबललंय

तेलकट_रुमाल
@पावशेर_पेट्रोल अरे पण हिशोब कर की. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. २० टक्के मिसळलं तर एकूण ६-७ टक्क्यांचा फटका, म्हणजे १७ चे १६ च्या आसपास. इथे तर जवळजवळ चौथा हिस्सा गायब आहे. सगळं पाप इथेनॉलच्या माथी मारलं की खरा चोर मोकळा सुटतो.

मधला_गिअर
टाकी ते टाकी केलं. ४१२ किमी, ३१.२ लिटर, म्हणजे १३.२. स्क्रीनवर १३.९ होते. तर आजार खरा आहे.

वाकडा_बोल्ट
आता दोनच वाटा आहेत बघ, एक तर इंजिन जास्त पितंय नाहीतर गाडीच जड ओढावी लागतेय. लोक सगळे पहिल्या वाटेने पळतात, फिल्टर बदल प्लग बदल सेन्सर बदल, आणि खरं सांगायचं तर इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाडीत एअर फिल्टर घाण झाल्याने ॲव्हरेज फारसं पडतच नाही, हवा कमी आली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल पण त्या मापात कमी सोडतो, पिकअप मात्र मरतो. ते कार्ब्युरेटरच्या जमान्यातलं ज्ञान अजून फिरतंय.

कुणाकडून तरी ओबीडी स्कॅनर माग, गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे वाचायचं यंत्र, ब्लूटूथवाला साधा चालेल, आणि गाडी गरम झाल्यावर दोन आकडे बघ. एक लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के जास्त-कमी पेट्रोल सोडतोय, तो अधिक-उणे १० च्या आत असेल तर मिश्रण ठीक आहे. दुसरं कुलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान. थर्मोस्टॅट, म्हणजे ते पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह, उघडाच अडकला असेल तर हायवेला वारा लागला की तापमान ६०-६५ ला येतं आणि ट्रॅफिकमध्ये परत चढतं, इंजिन बिचारं कायम थंडच, म्हणून जास्त पितं. लाईट लागायला पण कधी कधी बराच वेळ जातो. हे दोन्ही नीट असेल तर बॉनेट बंद कर आणि चाकांकडे जा.

मधला_गिअर
ऑफिसातल्या एकाचा स्कॅनर आणला. ट्रिम +३. तापमान ८८ ते ९१, हायवेला पण हलत नाही. म्हणजे इंजिन सुटलं?

वाकडा_बोल्ट
जवळजवळ. आता १५ किमी चालव, शेवटचे एक-दोन किमी ब्रेक शक्यतो लावू नकोस, गिअर उतरवत थांबव. मग उतरून चारी रिमांजवळ हाताची मागची बाजू न्यायची, डिस्कला अजिबात शिवायचं नाही, भाजशील. पुढचं डावं-उजवं सारखं कोमट हवं, मागचं डावं-उजवं सारखं. एकच वेगळं लागलं तर चोर तिथे. आणि सर्व्हिसिंगमध्ये नक्की काय काय केलं ते बिल काढून वाच, "सगळं केलं" असं नको सांगू.

मधला_गिअर
भाऊ!! पुढचं डावं. रिमपासून वीतभर लांबच हाताला झळ लागली, बाकीची तीन गार. आणि आता सगळं आठवायला लागलंय, धुताना तेच एक चाक काळं कुळकुळीत निघायचं, मला वाटायचं चिखल. स्टिअरिंग किंचित डावीकडे ओढायचं ते अलाइनमेंटवर ढकललं. बिलात दुसऱ्या पानावर लिहिलंय, पुढचे ब्रेक पॅड बदलले. मी विसरलोच होतो.

तेलकट_रुमाल
घ्या! महिनाभर ब्रेक दाबून गाडी चालवतोयस. पॅड बदलले पण कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबतो तो भाग) ज्यांवर सरकतो त्या पिना साफ करून ग्रीस केल्या नसणार. उघडताना बघून घे, जॅकवर चाक हाताने फिरव, मग ब्रेक दाबून सोड आणि परत फिरव. फिरत नसेल तर ब्लीडर निपल, ब्रेकचं तेल सोडायचा छोटा स्क्रू, जरासा सैल करायला सांग. तेलाची चिळकांडी उडून चाक सुटलं तर वरून कुठेतरी प्रेशर अडकतंय, बहुतेक वेळा ब्रेकचा रबरी होज आतून फुगलेला असतो. निपल सोडूनही जाम तर कॅलिपर नाहीतर पिना. हे न बघता लोक अख्खा कॅलिपर बदलून बसतात.

मधला_गिअर
दुसऱ्या गॅरेजला समोर उभं राहून उघडलं. निपल सोडला तरी चाक जाम. खालची पिन सहज निघाली, वरची पकड लावून पिळून काढावी लागली, ग्रीस वाळून डांबरासारखं झालेलं आणि रबरी बूट फाटलेला. आतला पॅड महिन्यातच निम्मा, बाहेरचा जवळजवळ नवा. पिना, बूट, पॅड बदलले, सिलिकॉन ग्रीस लावलं, कॅलिपरचा पिस्टन ठीक होता. चाक आता एका बोटाने फिरतं. टाकी झाली की आकडा टाकतो.

मधला_गिअर
३८९ किमी, २३.४ लिटर, १६.६!! गाडी सोडली की आपोआप घरंगळते, तो जडपणा मनाचा खेळ नव्हता. फक्त वरचे ०.४ कुठे गेले?

पावशेर_पेट्रोल
इथेनॉल 😌

वाकडा_बोल्ट
टायर नवीन म्हणालास, साइज तीच का?

मधला_गिअर
आधी १८५/६५ आर १५ होते, आता १९५/६५ आर १५. दुकानदार म्हणाला फरक पडत नाही.

वाकडा_बोल्ट
जुन्याचा व्यास ६२१.५ मिमी, नव्याचा ६३४.५. दोन टक्के मोठं चाक. मीटर चाकाचे फेरे मोजतो, त्यामुळे तू १०२ किमी गेलास तरी तो १०० च लिहितो. १६.६ ला २ टक्के वर धर, १६.९ झाले. ते ०.४ बहुतेक गेलेलेच नाहीत, मोजले गेले नाहीत.

मधला_गिअर
म्हणजे आधीचं १३.२ पण खरं १३.५ होतं तर. असो, उजव्या बाजूच्या पिना पण उद्या उघडायला सांगितल्यात.