तलावकाठचे आजोबा: तुमच्या आठवणी लिहा

रानपाखरू:
काल कपाट आवरताना आजोबांचा टॉर्च सापडला, तीन सेलचा, पितळी. सेल टाकून पाहिले, लागत नाही, पण हातात धरला आणि गोंदियाकडच्या नवेगावबांध तलावाची पाळच डोळ्यासमोर आली. पहाटे चारला ते पुढे मी मागे, दहा पावलं झाली की थांबून कान देणार. सारस ओरडला की जोडी कुठल्या धानाच्या बांधीत उतरली ते अंधारातच सांगायचे. १९७५ ला राष्ट्रीय उद्यान झालं त्याच्या कितीतरी आधीपासून ते त्या रानात फिरलेले. शेवटची दोन वर्षं खाटेवर होते, खोलीतून पाणी दिसत नाही म्हणून खाट अंगणात काढा म्हणायचे. आम्ही रोज नाही काढली, ते अजून लागतं मनाला. तुमच्याकडे असे कोणी होते का, लिहा ना.

डोंगा:
आमचा आजा ढिवर, मासे धरणारा. डोंग्यात उभं राहायचं नाही एवढंच सांगितलं आन् दिलं ढकलून पाण्यात, सात वर्षांचा होतो मी. शिंगाडे काढून काढून त्याची बोटं कायम काळी, काटे टोचलेली, त्याच बोटांनी माझ्या पायातला काटा असा काढायचा की कळायचं पण नाही

ढगफुटी:
तीन सेलचा टॉर्च!! आत स्प्रिंगला गंज असेल ताई, पॉलिशपेपरने घासा, आमचा लागला होता

रानपाखरू:
घासते दुपारी, आता कुकर लावलाय

झाडीपट्टीवाला:
माझे आजोबा तुडुमवर, म्हणजे तलावाचं पाणी सोडायच्या दारावर, कामाला. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, १९५१ ला गेली, तलाव सरकारकडे गेले, पण पाऊस लागला की रात्री घोंगडी घेऊन हे पाळीवर निघालेच, कोणी सांगितलं नव्हतं की पगार नव्हता. खेकड्याचं बीळ दिसलं की माती कोंबायची, कारण पाणी तिथूनच झिरपतं आणि मग पाळ जाते, आणि वरच्या तलावाची पाळ गेली की ते सगळं पाणी खालच्या तलावावर. आजी ओरडायची, म्हातारपणी सापावर पाय पडंल. एकदा पडलाच, धामण होती. आता त्या तलावात बेशरमाचं झुडूप इतकं माजलंय की पाणी दिसत नाही, मी जातच नाही तिकडे, बघवत नाही.

पाणकोंबडी:
शिंगाडे उकडलेले की कच्चे? आमच्यात भांडण व्हायचं यावरून

डोंगा:
उकडलेले. मीठ टाकून. कच्चे पाण्यातच बसून खायचे, घरी आणायचे नाही

मोहफूल:
आजोबा वनमजूर होते. २०२५ च्या जूनमध्ये पाखरांवर लिहिणारे मारुती चितमपल्ली गेले तेव्हा बाबा बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले तुझ्या आजाकडे पण पाखरांची गावातली नावं होती, शंभरेक तरी. चितमपल्लींनी अशी नावं जमवून ठेवली, आमच्या घरात कोणी वही पण काढली नाही. मला त्यातली चार पण येत नाहीत.

झाडीपट्टीवाला:
बाबांना विचारा ना, आजच. मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, ऐका माझं.

मोहफूल:
हो दादा. जेवण झालं की बसते त्यांच्याजवळ

रानपाखरू:
घासला. नाही लागला. जुन्या सेलचं पाणी सुटलंय आतमध्ये

ढगफुटी:
बल्ब बदलून पाहिला का