शेवटच्या दिवसांत आजोबा मूठ ओठांशी का नेत होते? गिरणीत काम केलेल्या कुणी सांगेल का?

गुहागरची नात

नमस्कार. घरात आता सांगणारं कुणी उरलेलं नाही आणि आजी 86 वर्षांची आहे, म्हणून इथे विचारतेय.

माझे आजोबा गुहागर तालुक्यातल्या एका खेड्यातले. 1952 साली, सतराव्या वर्षी, दाभोळहून बोटीत बसले आणि भाऊच्या धक्क्यावर उतरले. लालबागला गावकीच्या खोलीत राहायचे. खोली दहा बाय बाराची आणि माणसं बावीस. रात्रपाळीचा सकाळी आला की दिवसपाळीवाल्याची वळकटी गुंडाळून तिथेच आपली पसरायचा. जेवण खानावळीत. दोन वर्षं बदलीवर काढली, मग कायम झाले. कापडगिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, विणकर होते, एवढंच मला माहीत.

आजी गावाला. भात, दोन म्हशी, सासू, चार मुलं. महिन्याला मनीऑर्डर यायची. त्याची कुपनं तिनं तारेत ओवून ठेवली आहेत. तिला वाचता येत नाही, गेल्या मे महिन्यात मी वाचून दाखवली. 'मी खुशाल आहे. पावसाआधी पडवीचे वासे बदलून घेणे.' 'थोरल्याला शाळेतून काढू नये.' अक्षर दरवेळी वेगळं, कारण लिहिणारा खोलीतला जो हाताशी असेल तो. तारेतला शेवटचा कागद कुपन नाही, फेब्रुवारी 1982 चं आंतर्देशीय पत्र आहे. 'संप चालू आहे. या महिन्यात काही पाठवता येत नाही. शिमग्याला येतो.'

18 जानेवारीला संप सुरू झाला होता. शिमग्याला आले, परत गेले, पुन्हा आले. 1983 च्या पावसाआधी ट्रंक घेऊन आले ते कायमचे. गिरणीबद्दल त्यानंतर एक शब्द नाही. मोठ्यानं बोलायचे आणि समोरच्याच्या ओठांकडे बघत ऐकायचे. पाठ फिरवून काही सांगितलं तर उत्तर मिळायचं नाही.

2009 मध्ये गेले. शेवटचे बारा दिवस वाचा नव्हती. पण उजवा हात सारखा चालायचा. मूठ ओठांशी न्यायचे, झटक्यात श्वास आत ओढायचे, मूठ खाली आणायचे आणि पुढे ढकलायचे. थोड्या वेळानं पुन्हा तेच. आजीला वाटायचं तहान लागली. ती चमच्यानं पाणी द्यायची आणि ते तोंड फिरवायचे. आजही रात्री मध्येच उठून म्हणते, "पाणी मागत होते गो, मला पाजता नाही आलं."

ही कसली खूण असेल?

चार साचे

ताई, ते पाणी नव्हतं. तो धोटा होता.

मी 1961 पासून संपापर्यंत साचेखात्यात होतो. धोटा म्हणजे कापडाचा आडवा दोरा, बाणा, इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा. धोट्यात बाण्याच्या सुताची कांडी बसवायची. सुताचं टोक धोट्याच्या बाजूच्या बारीक भोकातून बाहेर काढायला लागतं. आमच्याकडे ते तोंडानंच काढायचे. भोकाला ओठ लावायचे आणि झटक्यात श्वास ओढायचा, की दोरा जिभेवर येतो. सोबत कापसाची पूसही येते. मग धोटा जागेवर ठेवायचा आणि दांडा ढकलून साचा सुरू करायचा. तुम्ही लिहिलेलं पुढे ढकलणं म्हणजे तो दांडा.

कांडी काही मिनिटांत संपायची. माझ्याकडे चार साचे होते. एकाची भरेपर्यंत दुसऱ्याची संपत आलेली असायची. आणि विणकराची मजुरी कापडावर, साचा उभा राहिला की तेवढी मजुरी गेली. म्हणून तो झटका. सावकाश श्वास ओढणारा विणकर मी बघितला नाही.

ओठांकडे बघण्याचं म्हणाल तर खात्यात शेकडो साचे एकदम चालायचे, शेजारचा कानात ओरडला तरी ऐकू यायचं नाही. ओठ वाचायचे नाहीतर खुणा. दोन बोटं तोंडाशी म्हणजे बिडी ओढायला चल. मिशीला पीळ म्हणजे जॉबर, आमचा मुकादम, येतोय. घरी आल्यावरही आमचं बोलणं भांडल्यासारखं. माझ्या मुली लहानपणी मैत्रिणींना घरी आणायला लाजायच्या.

आजींना सांगा, ते कामावर होते.

नायगावकर

वरचं वाचून लिहावंसं वाटलं. कुणाचं मन दुखवायचं नाही, पण याच झटक्याची आमच्या घरातली बाजूही या धाग्यात असावी.

माझे आजोबाही गिरणीत होते, रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईला. सातारा जिल्ह्यातून आलेले, महार. साचेखात्यात मजुरी जास्त होती, पण तिथे आमच्या माणसांना घेत नसत. कारण हेच सांगायचे, की दोरा तोंडानं ओढायचा, धोटा एकाच्या तोंडाचा दुसऱ्याच्या तोंडी जाणार, मग विटाळ होणार. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी ही बंदी उठवण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घालायला लावली. त्यानंतरही ती लगेच उठली नाही. माझे आजोबा 1949 ला लागले, त्यांना जॉबरनं सरळ रिंग खातं दाखवलं. तीसहून जास्त वर्षं तिथेच तुटलेले धागे सांधले. त्यांचा अंगठा आणि तर्जनी शेवटपर्यंत गुळगुळीत होती, ठसा उठायचा नाही.

1982 च्या संपात मात्र दोन्ही खाती एकत्र बाहेर होती. आमच्या घरी आजीनं पितळेची भांडी एकेक करून विकली.

लालबागची पोर

ताई, आजोबा 1 जानेवारी 1982 ला कामावर होते म्हणजे वारस म्हणून म्हाडाच्या घरासाठी हक्क लागतो. अर्ज केलाय का? फंडाची चिठ्ठी, विम्याचं कार्ड, हजेरीचं तिकीट, ट्रंकेत काय काय आहे ते बघा आणि फोटो काढून ठेवा.

गुहागरची नात

लालबागची पोर, बाबांनी अर्ज भरलाय. 2012, 2016 आणि 2020, तिन्ही सोडतींत नंबर लागला नाही. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवले आहेत.

नायगावकर, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. रात्री बाबांना विचारलं, आजोबांना साचेखात्यात कुणी लावलं? म्हणाले, जॉबर शेजारच्या गावचा, आपल्याच नात्यातला. खोलीतले निम्मे त्यानंच लावलेले. आमच्या घरी ही गोष्ट नेहमी 'ओळखीनं काम मिळालं' अशी सांगतात. त्या ओळखीच्या बाहेर कोण उभं होतं हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. आजोबांबद्दल मी वहीत लिहून ठेवते आहे, त्यात तुमच्या आजोबांचं रिंग खातंही लिहिते. चालेल ना?

काका, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. शनिवारी मुद्दाम गावी आले. आजीला पडवीत बसवून तुमचं सगळं वाचून दाखवलं. तिनं आयुष्यात गिरणी आतून पाहिलेली नाही. तिला वाटायचं आजोबा मुंबईत नुसतं कापड मोजतात. धोटा केवढा असतो विचारलं. मी हातानं दाखवला. मग तिनं स्वतःची मूठ ओठांशी नेली आणि श्वास ओढला. नीट जमेना, म्हणून पुन्हा केलं.

"चार साचे म्हणजे चार धोटे?"

हो म्हटलं.

"आणि एकटे?"

त्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग आत जाऊन कुपनांची तार घेऊन आली आणि म्हणाली, पहिल्यापासून वाच.