मदत हवी आहे: थंडीत गाडीचे दार आणि काचा गोठतात

नमस्कार मंडळी. आमची गाडी रात्रभर उघड्यावर उभी असते. पारा शून्याखाली गेला की सकाळी ड्रायव्हरच्या बाजूचं दार जागचं हलत नाही. हँडल व्यवस्थित उचललं जातं, लॉकही उघडल्याचा आवाज येतो, म्हणजे अडकतं ते कडेच्या रबरापाशीच. नीट पाहिलं तर रबराच्या खालच्या घडीत बर्फाची पातळ पट्टी धरलेली दिसते. जोर लावून ओढायची भीती वाटते, कारण रबर एकदा फाटलं की पाणी आत शिरणार आणि त्रास आणखी वाढणार.

सध्या दार आधी आत दाबते, मग हळूच ओढते. दाबल्याने बर्फ तडकतो, पण दर वेळी नाही. गरम पाणी ओतायचं नाही हे पक्कं, काच तडकू शकते.

रबर कोरडं पुसून सिलिकॉन स्प्रे मारावा असं वाचलं. तो किती दिवसांनी पुन्हा मारावा लागतो? ग्लिसरीन कुणी वापरलंय का? काचेसाठी दोन भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि एक भाग पाणी हे मिश्रण रंगाला किंवा रबराला बाधतं का?

आणि मुख्य म्हणजे, पॉवर विंडोची काच खाली चिकटली असेल तर बटण अजिबात दाबू नये ना? मोटर जळण्याची धास्ती आहे. सकाळी लेकीला शाळेत सोडायचं असतं, त्यामुळे झटपट होणारा उपाय असेल तर कृपया सविस्तर सांगा.