ईएसआयमधून आईची ॲन्जिओग्राफी: सातपूरहून पुढे कसं जायचं?

मोल्डिंगवाला, अंबड
कंपनीत ईएसआय (कामगार राज्य विमा) कापतात, पगार २०,४००. आई सिन्नरजवळ गावी राहते. तिथल्या डॉक्टरांनी ॲन्जिओग्राफी सांगितली आहे. ईएसआयशी टाय-अप (करार) असलेल्या खाजगी हॉस्पिटलमध्ये थेट भरती केलं तर कॅशलेस होतं का? शिवाय पगार लवकरच ईएसआयच्या २१,०००च्या मर्यादेवर जाईल. मधेच कार्ड बंद पडलं तर?

विमाखिडकी
थेट नेऊ नका. टाय-अप हॉस्पिटल कॅशलेस करतं ते रेफरलच्या (ईएसआयच्या डॉक्टरांनी पुढे पाठवल्याच्या) कागदावर, तुमच्या कार्डावर नाही. इमर्जन्सी नसेल तर क्रम असा: आधी तुमचा सेवा दवाखाना (तुमच्या कार्डाला जोडलेला ईएसआय दवाखाना), तिथून नाशिकमधल्या सातपूरचं कामगार विमा रुग्णालय आणि तिथल्या डॉक्टरांनी लिहिलं तर टाय-अप.

पण त्याच्याही आधी ई-पहचान कार्ड (ईएसआयचं ऑनलाइन ओळखपत्र) काढून बघा. आईचं नाव, जन्मतारीख आधारप्रमाणेच आहे का? नावात एक अक्षर इकडचं तिकडे असलं तरी खिडकीवर फाईल अडते. आई-वडिलांसाठी उत्पन्नाची अटही आहे, महिना ९,०००पर्यंत. आणि "सोबत राहतात का" या रकान्यात काय भरलंय? आई गावी असताना "हो" लिहिलं असेल तर दुरुस्त करून घ्या, म्हणजे तिच्यासाठी तिकडचा दवाखाना लावून घेता येतो. नाहीतर दर महिन्याच्या गोळ्यांसाठी तिला अंबडला यावं लागेल.

हृदयाचे उपचार सुपरस्पेशालिटीत मोडतात. त्यासाठी नोकरीचा काळ आणि वर्गणीचे दिवस वेगळे तपासतात. नोकरी नवी असेल तर हे पहिल्याच फेरीत विचारा.

ट्रॉलीपासून_डिस्चार्जपर्यंत
वरच्यात एक भर घालतो, कारण नेमकं इथेच बिल अंगावर येतं. रेफरलवर "ॲन्जिओग्राफी" लिहिलंय आणि टेबलावर असताना डॉक्टर म्हणाले, "ब्लॉक आहे, स्टेंट आत्ताच टाकू." म्हणजे ॲन्जिओप्लास्टी, वेगळी प्रोसीजर. तिची मंजुरी हॉस्पिटलने रेफर करणाऱ्यांकडून मागायची असते. ते काम हॉस्पिटलचं, तुमचं नाही. पण बाहेर उभ्या नातेवाइकापुढे एक फॉर्म येतो: "जादा खर्च स्वखुशीने देईन." घाईत सही करू नका. बिलिंगला आधी विचारा, मंजुरीसाठी पत्र पाठवलं का, कुठल्या वेळेला. रेफरलप्रमाणे चाललेल्या उपचारांचे पैसे टाय-अप हॉस्पिटलने पेशंटकडून घ्यायचेच नसतात. डिपॉझिटसुद्धा नाही.

सातपूरहून निघतानाच कागद वाचा: पेशंटचं नाव, विमा क्रमांक, प्रोसीजर, हॉस्पिटलचं नाव, मुदत, सही-शिक्का. त्याच्या तीन झेरॉक्स ठेवा. गावच्या डॉक्टरांचे ईसीजी, टूडी-इकोचे रिपोर्ट मूळ न्या, नाहीतर पुन्हा तपासण्या.

छातीत दुखायला लागलं तर मात्र हे सगळं विसरा, जवळच्या हॉस्पिटलला न्या. टाय-अप असेल तर ईएसआयचा पेशंट आहे हे भरतीच्या काउंटरवरच सांगा आणि इमर्जन्सीची मंजुरी त्याच दिवशी मागायला लावा. टाय-अप नसेल तर बिल आधी तुम्ही भरायचं, नंतर प्रतिपूर्तीचा अर्ज. तीही सीजीएचएसच्या (केंद्र सरकारी आरोग्य योजनेच्या) दराने, त्यामुळे सगळे पैसे परत येतील असं धरू नका. मूळ बिलं, डिस्चार्ज समरी आणि इमर्जन्सी होती असं डॉक्टरांचं लेखी पत्र हवं. हे पत्र डिस्चार्जच्या दिवशीच घ्या, नंतर हेलपाटे पडतात.

पगारपत्रक
पगाराचं मी सांगतो, यात कंपन्यांचे एचआरही गोंधळतात. वर्गणीचे काळ दोन: एप्रिल ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते मार्च. वाढ नोव्हेंबरपासून लागू झाली तर मार्चअखेरपर्यंत कपात चालूच राहते, तीही वाढलेल्या पगारावर. १ ऑक्टोबरपासूनच लागू झाली तर त्या दिवसापासून कपात थांबते. ओव्हरटाइम २१,०००च्या मर्यादेत धरत नाहीत.

पण कपात थांबली म्हणजे उपचार थांबले असं नाही. एप्रिल-सप्टेंबरमध्ये किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर वैद्यकीय लाभ पुढच्या ३० जूनपर्यंत चालतो. ऑक्टोबर-मार्चची भरली असेल तर ३१ डिसेंबरपर्यंत. आत्ता तुमच्या पगारातून ०.७५ टक्के, म्हणजे १५३ रुपये जातात आणि कंपनी ३.२५ टक्के, ६६३ रुपये भरते. स्लिपवर कपात दिसते म्हणून निश्चिंत राहू नका, ईएसआयच्या पोर्टलवर वर्गणीचे दिवस मोजा.

मोल्डिंगवाला, अंबड
कार्ड बघितलं. आईचं नाव आहे, पण "सोबत राहतात: हो". आईसाठी मला रजा लागेल, तिचे पैसे मिळतात का?

विमाखिडकी
नाही. ७० टक्क्यांचा आजारपणाचा लाभ कामगार स्वतः आजारी असेल तरच. आईसाठीची रजा कंपनीच्या खात्यातून. तो "हो" मात्र रेफरलच्या आधी बदलून घ्या.