पेनावर कागदी लेबल आणि वरून काचेसारखी चमक (रजत महोत्सव ग्रुप)

ए-३०१, सचिव: नमस्कार मंडळी. रजत महोत्सवाच्या २५ पेनांसाठी आंब्याच्या लाकडाचे तुकडे आणि ७ मिमी पितळी ट्यूबचे किट आले आहेत. प्रत्येक पेनावर 'रजत महोत्सव' छापलेली कागदाची पट्टी लावायची आणि वर सीए ग्लूची चकाकी द्यायची, असं ठरलंय. फेव्हिक्विकने कागद चिकटवून वरून तेच फासलं तर चालेल ना?

बी-४०२: नाही चालणार. कागदाची भज्यांची पुडी होईल. कागद पांढरा दिसतो तो तंतूंमधल्या हवेमुळे. पातळ ग्लू आत शिरला की हवा जाते, कागद पारदर्शक होतो आणि खालचं लाकूड करडं, डागाळलेलं दिसायला लागतं. मग तो डाग काढायचा एकच उपाय, लेथवर लेबलसकट कातून टाकणे.

ए-१०२: सीए ग्लू म्हणजे? आपल्या डी विंगच्या सीएंचा काही संबंध?

बी-४०२: सायनोॲक्रिलेट. फेव्हिक्विकच्याच जातीचा ग्लू, फक्त बाटलीत पातळ आणि मध्यम अशा दाटपणात मिळतो. आपल्याला दोन्ही लागतील. पातळ लाकडासाठी, मध्यम लेबलवर. उलट केलंत तर पुडी.

सी-१०३: छपाईचं मी सांगते. लेझर प्रिंटच घ्या. इंकजेटची शाई पाण्यात विरघळते, फेव्हिकॉलच्या ओलाव्यानेसुद्धा अक्षरं फुटतात. झेरॉक्सच्या दुकानात लेझर सहज मिळतो. कागद ८० जीएसएम म्हणजे साधारण ०.१ मिमी जाड. त्याहून जाड नको, आर्ट पेपर तर अजिबात नको. ६०-७० जीएसएम मिळाला तर उत्तम.

ए-३०१, सचिव: लेबल पेनाला पूर्ण गुंडाळायचं का छोटं चौकोनी?

सी-१०३: छोटं. ३० मिमी लांब, ८ मिमी रुंद. १० मिमी जाडीच्या पेनाचा घेर ३१ मिमीच्या आसपास येतो. त्यातला ८-१० मिमीचा भागच पेन न फिरवता वाचता येतो, म्हणून याहून रुंद मजकूर वाया. कोपरे थोडे गोल कापा, टोकदार कोपरा सगळ्यात आधी उचलला जातो. अक्षर ८ पॉइंटच्या खाली नको, मात्रा-अनुस्वार भरून जातात. आणि काका, देवनागरीत एक गोची आहे ती आधीच सांगते: शिरोरेषा! इंग्रजी अक्षरं किंचित तिरकी बसली तर खपून जातं. इथे ती रेघ लगेच चुगली करते.

बी-४०२: बरोबर. लेथचा टूल रेस्ट (छिन्नी टेकवायचा आधार) नळीला, म्हणजे ट्यूबवर बसवलेल्या लाकडाला, समांतर लावा, त्याची कड पट्टीसारखी वापरून पेन्सिलने अगदी पुसट रेघ मारा. लेबलची खालची कड त्या रेघेवर बसवायची. रेघ लेबलखालीच झाकली जाईल इतकी आत घ्या. बाहेर राहिली तर चमकेखाली कायमची.

ई-२०५: टँकर आला का?

ए-३०१, सचिव: साडेअकराला. इथे नको हो, पाण्याच्या ग्रुपवर.

बी-४०२: आता आकार. हा भाग नीट वाचा, कारण यात चुकलं की बाकी सगळं करून उपयोग नाही. कागद एकाच दिशेने वळतो. पेन मधे फुगीर ठेवलंत तर कागदाला दोन्ही दिशांनी वळावं लागतं आणि कडेला सुरकुत्या येतात, कितीही दाबा. त्यामुळे क्लिपकडच्या नळीचा मधला ३५ मिमी भाग सरळ दंडगोल काता, व्यास १० मिमी. दोन्ही टोकांकडे उतार देऊन बुशच्या (लेथवर नळीच्या टोकांना बसणाऱ्या मापाच्या धातूच्या कडीच्या) मापाला आणा. बुश साधारण ८.४ मिमीचा असतो, पण प्रत्येक किटचा व्हर्निअरने (व्यास मोजायच्या साधनाने) मोजा.

टोकांना लाकूड बुशपेक्षा ०.४ मिमी कमी ठेवायचं, ती जागा ग्लू भरून काढतो. तिथे लाकडाची भिंत जेमतेम अर्धा मिमी उरते, म्हणून छिन्नी धारदार हवी. लेबल टोकापर्यंत नेऊ नका.

सी-१०३: आणि लेबल क्लिपच्याच नळीवर का, तर खालच्या नळीवर बोटं असतात, शिवाय ती फिरते. मजकुराची सुरुवात निबकडून. उजव्या हाताने लिहिताना टोक डावीकडे असतं, तेव्हा तो सरळ वाचता येतो. क्लिप दाबून बसवण्याआधी नळी फिरवून लेबल क्लिपच्या समोरच्या बाजूला घ्या.

बी-१०१: काका, पायऱ्या क्रमाने द्या ना. शनिवारी आम्ही चौघं बसणार आहोत.

बी-४०२: घ्या.

आधी लाकूड. आंबा ओला असेल तर थांबा. तुकड्यांचं रोज वजन करा, आठवडाभर आकडा हलला नाही तरच ड्रिल करा. ओलं लाकूड नंतर आकसतं आणि चमकेला तडा जातो. कातून झालं की १५०, २४०, ३२०, ४०० नंबरचा पॉलिश पेपर, शेवटचा हात लांबीच्या दिशेने. धूळ झटका. आंब्याला गरज नाही, पण कुणी साग किंवा शिसम वापरणार असेल तर ॲसिटोनने पुसा, ही लाकडं तेलकट. ॲसिटोन फक्त याच टप्प्यावर. लेबल लागल्यावर बाटली खोलीबाहेर ठेवा, टोनर (लेझरची शाई) विरघळतो.

मग पातळ ग्लूचे ३ हात. टिश्यूची घडी, ३-४ थेंब, लेथ हळू, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत एकच फेर. सुकल्यावर ४०० ने फक्त चमक घालवायची. गुळगुळीत काचेवर फेव्हिकॉल पकडत नाही.

सी-१०३: तोवर इकडे लेबलं. कापण्याआधी पूर्ण पानावर पारदर्शक ॲक्रिलिक स्प्रे, २०-२५ सेंमीवरून, तीन हलके हात, मधे १५ मिनिटं. एकदम भिजवू नका, टोनर पसरतो. रात्रभर सुकवा. स्प्रे फक्त छापलेल्या बाजूला.

डी-३०३: दोन्ही बाजूंनी का नाही? कागद पूर्ण बंद झाला तर ग्लू कुठूनच शिरणार नाही.

सी-१०३: कारण फेव्हिकॉलमधलं पाणी. खाली ग्लूने बंद केलेलं लाकूड, वर दोन्हीकडून बंद केलेला कागद, मग ते पाणी जाणार कुठून? अडकलेला ओलावा वरच्या ग्लूला नंतर पांढरा करतो. मागची बाजू कोरी ठेवा. तिथे फेव्हिकॉलच शिरतो आणि तोच तिला बंद करतो.

डी-३०३: मग फेव्हिकॉलऐवजी मध्यम सीएनेच चिकटवा की. वाट बघायला नको.

बी-४०२: चिकटेल, पण सरकवायला दोन सेकंदही मिळत नाहीत. शिरोरेषेचं वर वाचलंत ना? शिवाय मागून शिरून डाग पडतातच. फेव्हिकॉल, चार भागांना एक भाग पाणी, बोटाने अगदी पातळ थर. लेबल मधून कडांकडे दाबा, बाहेर आलेला ओल्या फडक्याने लगेच टिपा. १२ तास. पावसाळी हवा असेल तर २४. कडा नखाने तपासा. उचलत असेल तर टूथपिकने थेंबभर फेव्हिकॉल.

आता लेबलवरचे हात. पहिले तीन मध्यम ग्लूचे, लेथ बंद ठेवून हाताने फिरवत. आधी फक्त कडांवरून, मग पूर्ण. प्रत्येक हात आपोआप सुकू द्या, ॲक्सिलरेटर (ग्लू झटपट सुकवणारा स्प्रे) मारू नका. मारलात तर बुडबुडे येतात आणि फेस गोठल्यासारखं दिसतं. तीन हातांनंतर लेथ चालू करून मध्यमचेच आणखी ८-१०. इथे घाई वाटली तर ॲक्सिलरेटर एकदाच, ३० सेंमीवरून.

किती पुरे ते व्हर्निअर सांगेल. लेबलच्या शेजारी, उघड्या लाकडावर व्यास ०.५ मिमीने वाढला पाहिजे, म्हणजे एका बाजूला ०.२५. त्यात कागदाची पायरी ०.१ ची. ४०० ने घासून ही वाढ ०.४ वर आणली की लेबलवर ०.१ चा थर शिल्लक राहतो.

बी-१०१: आणि जास्त घासलं गेलं तर?

बी-४०२: कागदाचा पांढरा केस दिसतो. तो दिसला की लेबल गेलं, वर थेंब टाकून लपत नाही. म्हणून पायरी बुडेपर्यंत पॉलिश पेपर हातात घ्यायचाच नाही. घासताना पेपर सपाट पट्टीवर लावा. बोटाखाली घेतला तर लेबलची कड आधी झिजते.

सपाट झालं की २४ तास सोडा. ग्लू थोडा आकसतो आणि लेबलची कड पुसट उमटते. त्याच दिवशी पॉलिश केलेल्या पेनावर ती कड पुढच्या आठवड्यात हाताला लागते. दुसऱ्या दिवशी ६०० चा हलका हात, मध्यमचे ३ हात, मग मायक्रोमेश (अगदी बारीक पॉलिशचे पॅड) १५०० ते १२०००, पाणी लावून. पाण्याआधी नळीची दोन्ही टोकं पातळ ग्लूने बंद करा, नाहीतर पाणी टोकाकडून आत चढतं आणि कडेला पांढरी रिंग येते. बुशला मेण चोळून ठेवा. काढताना जोडावर ब्लेडची रेघ मारा, नुसतं ओढलं तर चमकेची कपची निघते.

ए-१०२: आमच्याकडे जुन्या बनियनची खूप फडकी आहेत, टिश्यूऐवजी देऊ का?

बी-४०२: अजिबात नको! सुती कापड आणि सीए ग्लू एकत्र आले की झटकन तापतात, धूर येतो, बोट भाजतं. कागदी टिश्यूच. हातमोजे नायट्राइलचे, सुती नाही. चष्मा लावा, खिडकी उघडी ठेवा, वाफ डोळ्यांना झोंबते. मुलांना या टप्प्याला बसवू नका, त्यांना लेबलं कापायला द्या.

सी-१०३: अजून एक पर्याय नोंदवून ठेवते. पाण्याने सरकवायचा डेकल कागद मिळतो. त्याची फिल्म कागदापेक्षा बरीच पातळ, पायरी जवळजवळ नाही, ५-६ हातांत बुडते. पार्श्वभूमी पारदर्शक असल्याने लाकडाच्या रेषा अक्षरांमागून दिसतात. फिकट आंब्यावर काळी अक्षरं छान उठतील. शिसमवर मात्र दिसणारच नाहीत.

ए-३०१, सचिव: समितीला पांढरी पट्टीच हवी आहे ताई, खाली सोनेरी रेघेसह.

सी-१०३: मग कागदच. सोनेरी फॉइल नको, लेझरमध्ये पिवळसर-तपकिरी छापू. आणि पट्टीखाली येणाऱ्या लाकडावर पांढऱ्या ॲक्रिलिक रंगाचा एक पातळ हात द्या, लेबलपेक्षा एक मिमी आत. कुठे ग्लू शिरलाच तरी खाली पांढरंच दिसेल.

बी-४०२: ही युक्ती चांगली. रंग पूर्ण सुकवून मगच फेव्हिकॉल.

ए-३०१, सचिव: मग सामान लिहितो: मध्यम ग्लू ५० ग्रॅमच्या दोन, पातळ एक, ॲक्रिलिक स्प्रे एक. लेबलं २५.

सी-१०३: ४० छापा.

बी-४०२: आणि शनिवारी फक्त तीन पेनं करा. आठवडाभर ठेवून कडा बघू, मग बाकीची २२.